फळीवरचा उजवा बूट

१

संध्याकाळी फळीवर दहा बूट होते. सकाळी नऊच भरले.

ठमीने डोळे चोळले आणि पुन्हा मोजले. वाटाड्याचे दोन, दातांच्या डॉक्टरांचे दोन, फोटोवाल्याचे दोन, बाबांचे दोन आणि अगदी टोकाला तिचा उजवा, एकटाच. डाव्याच्या जागी दवाने ओली झालेली फळी तेवढी होती.

"बाबा, माझा बूट आत घेतलात का?"

"कुठला?" आतून आवाज आला.

"डावा."

"आणि उजवा?"

"उजवा आहे इथेच!"

बाबा शाल सावरत दारात आले. त्यांनी फळीकडे पाहिले, मग समोरच्या धुक्याकडे पाहिले. "असेल इथेच कुठेतरी," असे म्हणून ते तिथेच उभे राहिले.

प्रश्न एका बुटाचा असता तर तिने कपाळावर हात मारून घेतला असता आणि हसली असती. पण पाच दिवसांच्या पायपिटीतला हा तिसरा दिवस होता. मागे गाडीरस्ता दोन दिवसांवर आणि पुढे तीन दिवसांवर. मध्ये ही दगडी खोली. इथून दोन तासांवर करवत लागायची. करवत म्हणजे डोंगराची उघडी धार, दोन्ही अंगांना दरी आणि हाताला एक लोखंडी साखळी. पलीकडे उतरले की तळे. त्या तळ्याची गोष्ट बाबा तिला ती शाळेत असल्यापासून सांगत आले होते.

ती बारावी पास झाली त्या वर्षीच इथे यायचे ठरले होते. बाबा पेशाने बूट बनवणारे. या वाटेसाठी त्यांनी दोन जोड स्वतःच्या हाताने शिवले, एक तिचा आणि एक स्वतःचा. मग आईने अंथरूण धरले आणि "पुढच्या वर्षी नक्की" असे म्हणता म्हणता अकरा वर्षे गेली. दोन्ही जोड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कपाटात राहिले. बाबा ते वर्षातून एकदा काढायचे, पुसायचे आणि पुन्हा बांधून ठेवायचे. गेल्या वर्षी आई गेली. बाबांना सहासष्ट लागले होते आणि गुडघे कुरकुरत होते. या वर्षी ते आपणहून म्हणाले, "ठमे, आता नाही गेलो तर राहिलंच."

आणि आता नेमका बूट गेला होता.

वाटाड्या आला. माणूस तसा मऊ, पण नियमांच्या बाबतीत दगड. त्याने फळी पाहिली, घड्याळ पाहिले आणि म्हणाला, "साडेसातला निघायचं म्हणजे निघायचं. दुपारी करवतीवर ढग उतरतात. आणि पायात बूट नसलेल्या माणसाला मी त्या धारेवर नेत नाही, ताई. माझी सख्खी बहीण असती तरी नसती नेली."

तेव्हा पावणेसात वाजले होते.

२

ठमी एका मोठ्या बस स्थानकावर सापडलेल्या वस्तूंच्या खोलीत कामाला होती. छत्र्या, डबे, कवळ्या, एकदा तर नवरदेवाचा फेटा, सगळे तिच्या टेबलावरून गेले होते. नऊ वर्षांत ती एक गोष्ट पक्की शिकली होती. हरवलेली वस्तू कशीही पडलेली असते, लपवलेली वस्तू मात्र ठेवलेली असते. तिने नेहमीच्या सवयीने चौकशी सुरू केली.

फोटोवाला सगळ्यांत आधी उठला होता. त्याने खांदे उडवले. "कोल्हा असेल. बूट पळवतात ते. चामड्याचा वास आवडतो त्यांना."

"कोल्ह्याला गाठ सोडता येते?"

वाटाड्याचा नियम होता की संध्याकाळी जोडातल्या दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधायच्या. ठमीने स्वतः गाठ मारली होती. ती तुटलेली नव्हती, कुरतडलेली नव्हती, व्यवस्थित सोडलेली होती. वर उजव्या बुटाची नाडी घोट्याभोवती दोन वेढे देऊन टोक आत खोचलेले.

"कोल्हा भलताच टापटिपीचा दिसतोय," ती म्हणाली.

फोटोवाल्याने कालचा फोटो काढून दाखवला. मावळतीच्या उन्हात दहा बूट ओळीने उभे. तिच्या डाव्या टाचेखाली फळीवर काहीतरी काळे सांडले होते.

"हे काय?"

"चहाची भुकटी असेल. बाई, इथे उजेड बघा ना, काय पडलाय!"

डॉक्टर तर तिला पाहताच उसळले. कारणही तसेच होते. "ही फार हळू चालते, हिच्यामुळे करवत हुकणार" असे ते आदल्या दिवशी सगळ्यांसमोर दोनदा बोलले होते. "माझ्यावर संशय? मी दात काढतो, बूट नाही! आणि तुम्हाला मागे ठेवायचं असतं तर एकच कशाला नेला असता? दोन्ही भिरकावले असते दरीत, हा काय तीन पावलांवर कडा आहे!"

बोलणे आगाऊपणाचे होते, पण मुद्द्याचे होते. ठमीने वाटाड्याची दुर्बीण घेऊन कड्याखाली पाहिले. पांढऱ्या दगडांचा उतार स्वच्छ होता. त्यावर काळा बूट लपणे शक्य नव्हते. चोराने बूट फेकला नव्हता.

"तुमच्या वडिलांना विचारा हवं तर," डॉक्टर मागून म्हणाले. "माझे विकतचे बूट त्यांना दोन दिवस खुपतायत. 'चाळीस वर्षांत माझ्या हातचा एकही तळ सुटला नाही', हे त्यांच्याकडून किमान दहा वेळा ऐकलंय मी!"

तेवढ्यात वाटाड्याचा आवाज चढला. तिच्यासाठी काही जुगाड होते का हे पाहायला त्याने दुरुस्तीची पिशवी उघडली होती. त्याच्या हातात चिकटवायच्या गोंदाची नळी होती, पार पिळून सपाट केलेली. "काल दुपारी भरलेली होती ही! कोणी वापरली?"

सगळ्यांनी कानांवर हात ठेवले.

"गोंदाचं काय घेऊन बसलात, माझी रद्दी गेलीय," खोली सांभाळणाऱ्या आक्का आतून ओरडल्या. "चूल पेटवायला ठेवलेले पेपर. कालपासून नाहीत!"

डॉक्टर फोटोवाल्याच्या कानाशी लागले, पण त्यांची कुजबुज लांबवर ऐकू जायची. "अशा एकट्या जागी वस्तू कोण उचलतं, हे सांगायला का लागतं?"

आक्कांनी ते ऐकले. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला आणि त्या आत निघून गेल्या. वाटाड्या मान खाली घालून म्हणाला, "संध्याकाळी वायरलेसवर खालच्या कचेरीत कळवावं लागेल मला. बूट मिळाला नाही तर आक्कांवर येणार आहे हे सगळं."

घड्याळात सात वीस झाले होते.

३

"मी थांबतो हिच्याबरोबर," बाबा म्हणाले. "परवा खेचरवाला येतो ना सामान घेऊन, त्याच्या सोप्या वाटेने दोघं खाली उतरू."

"अजिबात नाही," ठमी म्हणाली.

"अगं, तुझ्याशिवाय काय करू मी तिकडे?"

"तळं बघा. माझ्या वाटचंही बघा. बाबा, तुम्ही अकरा वर्षं घर आणि दवाखाना याच्यापलीकडे कुठे गेला नाहीत. एका बुटापायी तुमचं हे पण राहिलं तर मला घास गोड लागणार नाही."

"ठमे, ऐक माझं."

"नाही ऐकणार. जा तुम्ही."

बाबांनी तोंड उघडले. डॉक्टर तिथेच, आपले चकाकते बूट घालून उभे होते. बाबांची नजर त्या बुटांवर गेली आणि उघडलेले तोंड मिटले. मग ते फळीवर बसले, बूट चढवले आणि खिशातून सुतळी काढून दोन्ही बुटांना चवड्यापाशी तीन-तीन वेढे घातले.

"हे काय आता?"

"पकड बसते," बाबा म्हणाले. वर पाहिले नाही.

निघताना वाटाड्याने पहिल्या दिवशीचा धडा पुन्हा घोकून घेतला. प्रत्येकाच्या गळ्यात त्याने दिलेली शिट्टी होती. "एक शिट्टी म्हणजे मी इथे आहे. तीन म्हणजे जिथे आहात तिथे थांबा. कोण वाजवतंय, का वाजवतंय, विचारायचं नाही. पाऊल उचललेलं असेल तर मागे ठेवायचं."

चौघे वाटेला लागले. बाबांनी वळून पाहिले, दहा पावलांवर पुन्हा पाहिले. ठमी हात हलवत राहिली. मागे राहिल्याबद्दल आपण रडत नाही, असे ती स्वतःला सांगत होती.

४

आत आक्का खराटा घेऊन जमिनीवर राग काढत होत्या.

"सगळ्यांना विचारून झालं, मलाच नाही विचारलंत," त्या म्हणाल्या. "विचारा की. मीच चोर ना?"

"आक्का, मला तसं वाटत नाही."

"त्या डॉक्टरांना वाटतंय. एकोणीस वर्षं झाली मला इथे. लोकांनी विसरलेली घड्याळं खाली पोचवलीत मी. आणि तुमचा एक बूट घेऊन मी काय लंगडी खेळू?"

ठमीला हसू आले आणि लाजही वाटली. तिने आक्कांच्या हातातला खराटा घेतला. "द्या, मी काढते."

"काढा बाई. तुमच्याच माणसांचा कचरा आहे. काल झाडलं, आज पुन्हा आहे. तुमच्या पलंगाखाली, वडिलांच्या पलंगाखाली, तिकडे फळीवर. काय आणता पायांना लावून कोण जाणे."

केरात काळी भुकटी होती. ठमीने चिमूट घेतली. माती नव्हती, चहा तर नव्हताच. बोटांत धरल्यावर मऊ लागली आणि चिरडून गेली.

ती पलंगावर बसली. टेबलावर वस्तू मांडाव्यात तशी तिने मनात एकेक मांडली. गोंद गेला, म्हणजे कोणालातरी काहीतरी चिकटवायचे होते. रद्दी गेली. रद्दी जाळायला हवी असती तर चूल समोरच होती, मग कागद आणखी कशाला लागतो? गाठ सोडली ती सावकाश, आणि जो बूट मागे राहिला त्याचीही नाडी नीट गुंडाळून ठेवली. तीन पावलांवर दरी असून बूट फेकला नाही. का नाही फेकला? चोराला बूट नाहीसा करायचा होता ना?

करायचा होता. पण त्याला तो फेकवला नसेल.

आणि मग रद्दीचे उत्तर तिला एकदम दिसले, कारण ते तिने लहानपणापासून रोज पाहिले होते. बूट नुसता ठेवायचा नाही. आत कागद भरायचा, म्हणजे आकार मोडत नाही. जमिनीवर ठेवायचा नाही, चुलीजवळ ठेवायचा नाही. सावलीत, उंचावर, वारा लागेल असा ठेवायचा.

"आक्का, स्टूल आहे?"

छपराच्या लाकडी तुळईवर, हवेच्या झरोक्याशी, बाबांचा मफलर होता. मफलरात डावा बूट होता. बुटात आक्कांची रद्दी चापून भरलेली होती.

आक्का खालून बघतच राहिल्या. "तुमचे वडील? ते कशाला चोरतील?"

ठमीला आधी नुसता राग आला. अकरा वर्षे वाट पाहिली आणि यांनीच मोडता घातला! तिने बूट उलटा केला. तळाच्या कडेने ताज्या गोंदाची रेघ होती, बाबांच्या हातची, सरळ. तिने टाच अंगठ्याने दाबली. चहात बुडवलेल्या बिस्किटात जावा तसा अंगठा आत गेला. दुसऱ्यांदा दाबली तर सगळा तळ काळी भुकटी होऊन तिच्या मांडीवर सांडला.

राग तिथेच थिजला. बाबांनी तिला अडवले नव्हते, वाचवले होते. हा बूट करवतीवर सुटला असता. काल संध्याकाळी पुसायला घेताना त्यांना ते कळले असणार. गोंद लावून पाहिला असणार, जमले नाही. आणि चाळीस वर्षांत तळ न सुटलेला माणूस डॉक्टरांसमोर ते सांगू शकला नाही. तिला मागे ठेवायचे, आपणही थांबायचे, एवढाच त्यांचा बेत होता. तो तिने स्वतः, हट्टाने, मोडला होता.

मग तिला दुसऱ्या पलंगाखालची भुकटी आठवली. सुतळीचे वेढे आठवले. दोन्ही जोड एका दिवशी शिवले होते, दोन्हींचे तळ एकाच तुकड्यातून कापले होते.

"आक्का, किती वाजले?"

"सव्वाआठ. का हो?"

साडेनऊला ते करवतीवर पोचणार होते.

५

आक्कांचे रबरी गमबूट तिला दोन बोटे मोठे होत होते. तिने चोरलेल्या बुटातली रद्दी उपसली, गमबुटांच्या चवड्यात कोंबली आणि धावत सुटली.

चढ होता, दगड सुटे होते. गमबूट पायात डुचमळत होते. ती दोनदा पडली, एकदा कोपर फुटले. "बाबा, हळू चाला, आज तरी हळू चाला," असे ती मोठ्याने म्हणत होती आणि ते कोणालाच ऐकू जाणार नव्हते. फोटोवाल्याने वाटेत पन्नास फोटो काढावेत, डॉक्टरांनी भांडण उकरून काढावे, काहीही व्हावे, पण पाच मिनिटे मोडावीत. आयुष्यात तिने डॉक्टरांचे एवढे भले कधी चिंतले नव्हते.

खिंडीत पोचली तेव्हा समोर करवत उघडी झाली. वाटाड्या धारेवर दहा पावले पुढे गेलेला. बाबा साखळीच्या तोंडाशी, एक हात साखळीवर. मागे डॉक्टर, त्यांच्या मागे फोटोवाला.

तिने शिट्टी तोंडात धरली आणि फुंकली. एक, दोन, तीन.

वारा समोरून येत होता. आवाज तिच्या कानांवरून मागे निघून गेला. धारेवर कोणीही मान वळवली नाही. बाबांनी दुसरा हात साखळीवर ठेवला.

ठमीने डोळे मिटले. फुंकत सुटावे असे वाटत होते, पण दम थोडाच उरला होता आणि तो वाऱ्यावर घालवण्यात अर्थ नव्हता. तिने वाट पाहिली. तेवढी वाट तिने अकरा वर्षांतही पाहिली नव्हती. वारा क्षणभर पडला आणि तिने होते नव्हते ते सगळे शिट्टीत घातले.

एक. दोन. तीन.

डॉक्टर थांबले. त्यांनी मागे पाहिले नाही, काही विचारले नाही. हात पुढे करून बाबांच्या पाठीवरची पिशवी घट्ट पकडली. बाबांनी उचललेले पाऊल हवेत राहिले आणि मग मागे आले.

ती खाली पोचली तेव्हा वाटाड्याने बाबांना एका दगडावर बसवले होते. धापा टाकत तिने बाबांच्या पायांकडे बोट दाखवले. वाटाड्याने सुतळी सोडली आणि उजव्या बुटाचा तळ पुठ्ठ्यासारखा त्याच्या हातात आला.

वाटाड्याने तो तळ पाहिला, मग धार पाहिली आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसले.

"कोणाच्या कारखान्याचे बूट?" फोटोवाल्याने विचारले. तो बिचारा शेवटपर्यंत उजेडातच होता.

"माझ्या हातचे," बाबा म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. "हिचाही बूट मीच लपवला. आक्कांचा काही संबंध नाही. वाटाडेदादा, तुमचा गोंदही मीच संपवला."

डॉक्टर पुढे सरकले. ठमीला वाटले, आता हा माणूस बोलणार, आणि बोलला तर मी याचेच दात काढणार. डॉक्टर बाबांशेजारी बसले आणि त्यांनी आपला पाय पुढे केला. "काका, माझे बघता का जरा? मला यातलं काही कळत नाही."

बाबांनी त्यांच्या टाचेवर अंगठा दाबला, कड चाचपली, चवडा वाकवून पाहिला. "उत्तम आहेत," ते म्हणाले. "घालत राहा."

६

ते तिघे करवतीपलीकडे गेले. बापलेक उलटे फिरले, बाबा मुक्कामाच्या चपला घालून आणि ठमी गमबुटांत. अर्ध्या वाटेवर ठमी एकदम थांबून कडाडली.

"पडला असतात तर? मी काय केलं असतं? आई गेली, आता तुम्ही. आणि कशासाठी? त्या दातवाल्यासमोर मान खाली जाऊ नये म्हणून?"

"सुरुवातीला तेवढंच होतं," बाबा म्हणाले. "मग तू जा जा म्हणालीस, तेव्हा वाटलं, आता सांगितलं तर हिला कळेल की मी हिला मारायचीच वस्तू दिली होती. दुकानात लोक आणायचे असे बूट. वर नवेकोरे आणि तळाचा भुगा. हा हलका फोमचा माल नुसता पडून राहिला की आतून मरतो, हे मीच त्यांना सांगायचो. स्वतःच्या हातचे होते म्हणून निघताना दाबूनही पाहिले नाहीत."

ठमी रडू लागली. बाबांनी तिचे फुटलेले कोपर आपल्या रुमालाने बांधले आणि तेही रडले.

खोलीवर पोचताच बाबांनी आक्कांसमोर हात जोडले. आक्कांनी दहा मिनिटे त्यांना फैलावर घेतले आणि मग चहा टाकला. "संध्याकाळी वायरलेसवर मीच सांगते त्यांना, की चोर घरी आला," त्या म्हणाल्या.

दुपारी करवतीवर ढग उतरले. बाबा दारात बसले होते. त्यांनी खिशातली सुतळी काढली आणि म्हणाले, "पाय दे इकडे."

ठमीने पाय पुढे केला. बाबांनी टाचेपासून अंगठ्यापर्यंत सुतळी धरली, मग चवड्याभोवती फिरवली. अकरा वर्षांपूर्वीही त्यांनी असेच माप घेतले होते.

"जड रबराचे करतो या वेळी. पायाला थोडे बोचतील आधी."

"बोचू देत."

"पुढच्या वर्षी येऊ. पण तोवर रोज घालायचे. कामावर, बाजारात, पावसात, चिखलात. पुन्हा पिशवीत बांधून ठेवलेस तर बघ."

"मी कुठे बांधून ठेवले होते बाबा? तुम्हीच ठेवलेत."

बाबांनी मापाची गाठ मारली आणि ती बोटाने दोनदा तपासून पाहिली.

"हो," ते म्हणाले. "मीच."